दरवर्षीचा प्रकल्प रद्दीत जातो; शाळेचा 'विकी' असेल तर काय बदलेल?

मंगळवेढा : वर्ष संपत आलं की तालुक्यातल्या शाळांच्या कपाटांत प्रकल्पवह्यांचे गठ्ठे साठतात. 'माझे गाव', 'आपली पिके', 'पाणी वाचवा', 'संतांची माहिती'. चित्रं चिकटवलेली, शीर्षकं रंगीत पेनानं लिहिलेली, वरून पारदर्शक कव्हर. गुण दिले जातात, आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी होतात आणि पुढच्या वर्षी कपाट आवरताना हा गठ्ठा रद्दीत जातो. नवा वर्ग येतो आणि 'माझे गाव' पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहायला घेतो.

त्या वह्यांत असतं काय, हेही सगळ्यांना माहीत आहे. एकाची वही चौघांत फिरलेली असते. पूर्वी बाजारात मिळणाऱ्या माहितीच्या तक्त्यावरून उतरवायचे, मग इंटरनेटवरून, आता मोबाईलवर एआयला सांगितलं की दोन मिनिटांत पानभर मजकूर येतो. ज्वारीच्या प्रकल्पात 'ज्वारी हे एक महत्त्वाचे तृणधान्य आहे' हे वाक्य असतं. ज्याच्या घरी चार एकर ज्वारी आहे, त्या पोराच्या वहीतही तेच वाक्य असतं.

या दुखण्यावर जगभरच्या शाळांत वापरून पाहिलेला एक उपाय म्हणजे 'विकी'. विकिपीडिया सगळ्यांना माहीत आहे, पण विकी आणि विकिपीडिया एकच नव्हे. विकी ही लिहिण्याची एक पद्धत आहे आणि विकिपीडिया हे तिचं सगळ्यात मोठं उदाहरण. शाळेचा, वर्गाचा किंवा एखाद्या गावाचाही वेगळा विकी असू शकतो.

सातबारा आणि फेरफार

विकीचं पान म्हणजे असं पान, जे वाचणाराच दुरुस्त करू शकतो. पानावर 'संपादन' नावाचं बटण असतं. ते दाबलं की मजकूर उघडतो, हवं ते लिहायचं आणि जतन करायचं. एवढ्यावरून पहिली शंका मनात येते ती अशी, की कुणीही येऊन काहीही लिहिलं तर?

सातबारा ज्यानं पाहिलाय, त्याला याचं उत्तर पटकन कळेल. सातबाऱ्यावर दिसते ती आजची स्थिती. ती तशी का झाली, कुणाचं नाव कधी लागलं, कधी कमी झालं, हे फेरफाराच्या नोंदींत सापडतं. विकीच्या प्रत्येक पानामागे असाच फेरफार असतो. त्याला 'इतिहास' म्हणतात. कुणी, कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणता शब्द घातला आणि कोणता काढला, हे सगळं तिथं राहतं. कुणी पान बिघडवलं तर आधीचं रूप एका क्लिकवर परत आणता येतं. फरक इतकाच, की इथं नोंद करायला तलाठ्याकडं जावं लागत नाही आणि ती मंजूर व्हायची वाटही बघावी लागत नाही.

दुसरी गोष्ट 'चर्चा पान'. प्रत्येक लेखाला जोडून एक वेगळं पान असतं. तिथं लिहिणारे एकमेकांशी बोलतात : हे साल कुठून घेतलं, हे वाक्य का काढलं, माझ्या आजोबांनी वेगळं सांगितलंय. वाद तिथं घालायचा आणि ठरलेलं मुख्य पानावर लिहायचं. तिसरी गोष्ट दुवे. 'ज्वारी'च्या पानावर 'कडबा' हा शब्द आला, की त्या शब्दावरून कडब्याच्या पानावर जाता येतं. ते पान नसेल तर दुवा लाल दिसतो, म्हणजे हे पान अजून कुणीतरी लिहायचं आहे. मुलांना हे लाल दुवे फार आवडतात, कारण काम कुठं शिल्लक आहे ते त्यांना दिसतं.

ही पद्धत वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रामरनं १९९५ साली सुरू केली. होनोलुलूच्या विमानतळावर 'विकी विकी' नावाची बस होती. हवाई बेटांच्या भाषेत विकी म्हणजे झटपट. तोच शब्द त्यानं उचलला. जानेवारी २००१ मध्ये विकिपीडिया आला आणि मराठी विकिपीडियाची सुरुवात १ मे २००३ ची, म्हणजे महाराष्ट्र दिनाची.

व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे की!

तालुक्यात आज बहुतेक वर्गांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. गृहपाठ, सूचना, फोटो, सगळं तिथं येतं. मग विकी कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण ग्रुपवरचा मजकूर वाहून जातो. जुलैत टाकलेला पावसाचा आकडा फेब्रुवारीत शोधायचा म्हटलं तर अंगठा दुखेपर्यंत वर सरकवावं लागतं. शिवाय ग्रुपवर प्रत्येकजण आपलं आपलं टाकतो, दुसऱ्यानं टाकलेलं कुणी दुरुस्त करत नाही. विकीवर चाळीस मुलांचं मिळून एकच पान होतं.

सोलापूर जिल्ह्याला शाळेतल्या तंत्रज्ञानाचं वावडं नाही. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत काम करताना रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग केला. पुढे तो राज्याच्या पुस्तकांत आला आणि डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. क्यूआर कोडमुळं पुस्तकातला धडा मुलाच्या मोबाईलवर बोलू लागला. पण कोड स्कॅन केल्यावर मुलाला मिळतं ते दुसऱ्या कुणी तरी तयार केलेलं. विकीची दिशा उलटी आहे. इथं मुलानं तयार करायचं आणि इतरांनी वाचायचं. दोन्ही लागतं, पण दुसऱ्याची सवय आपल्या शाळांना कमी आहे.

खरं तर तीही अगदीच नवी नाही. शाळेचं 'हस्तलिखित' आठवा. वार्षिक स्नेहसंमेलनाच्या आधी वळणदार अक्षराच्या मुलामुलींना बसवून काढलेला तो एकुलता एक अंक. भित्तिपत्रकही तसंच. विकी ही या हस्तलिखिताचीच पुढची पायरी म्हणता येईल, फक्त इथं चांगलं अक्षर असलेल्या चौघांचीच मक्तेदारी राहत नाही आणि अंक एकदा काढून संपतही नाही.

केरळनं केलं ते

देशात हे सगळ्यात मोठ्या प्रमाणावर केरळात झालं आहे. तिथं शालेय शिक्षणातल्या तंत्रज्ञानाचं काम पाहणारी 'काइट' नावाची सरकारी संस्था आहे. तिच्या आधीच्या रूपात, २००९ साली, 'स्कूलविकी' सुरू झाला. भाषा मल्याळम. आज त्यावर १५ हजारांवर शाळांची पानं आहेत. शाळेचा इतिहास, गावाची माहिती, गावातले जुने शब्द, शाळेचं वार्तापत्र असं त्यात येतं. हायस्कूलमध्ये 'लिटल काइट्स' नावाचे विद्यार्थी गट आहेत. शाळेचं पान अद्ययावत ठेवणं हे त्यांच्या कामांपैकी एक. चांगल्या पानांना जिल्हावार आणि राज्यपातळीवर पुरस्कार देतात. २०२० च्या टाळेबंदीत घरी बसलेल्या मुलांच्या कथा, कविता, लेख मागवून 'अक्षरवृक्षम' या नावानं याच स्कूलविकीवर चढवले गेले. हजारोंच्या संख्येनं लेखन आलं.

मंगळवेढ्याच्या दक्षिणेला लागून असलेल्या कर्नाटकातही शिक्षकांनी मिळून तयार केलेला कन्नड-इंग्रजी शैक्षणिक साहित्याचा विकी आहे. तो मात्र मुख्यतः शिक्षकांसाठी.

केरळच्या प्रयोगातून एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. तो विकिपीडियावर नाही, स्वतंत्र आहे. कारण विकिपीडियावर कशाचं पान होऊ शकतं, याचे नियम आहेत. विश्वसनीय छापील किंवा प्रसिद्ध संदर्भ लागतात. एखाद्या वस्तीशाळेचं पान तिथं टिकत नाही, काढून टाकलं जातं. गावातल्या म्हाताऱ्या माणसानं तोंडी सांगितलेली गोष्टही तिथं संदर्भ म्हणून चालत नाही. शाळेच्या स्वतःच्या विकीवर मात्र ती चालते, आणि चाललीच पाहिजे.

पुण्यात काय फसलं

महाराष्ट्रात विद्यार्थ्यांना विकीवर लिहायला लावण्याचा सगळ्यात मोठा गाजलेला प्रयोग २०११ चा. पुण्यातल्या काही महाविद्यालयांत विकिमीडिया फाउंडेशननं भारतातला पहिला शिक्षण कार्यक्रम सुरू केला. मुलांनी अभ्यासाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायचे, त्यावर गुण मिळायचे. विद्यार्थ्यांची संख्या हजाराच्या घरात होती. काही महिन्यांतच लक्षात आलं, की बरीच मुलं पुस्तकांतून आणि वेबसाइटवरून परिच्छेदच्या परिच्छेद उचलून टाकतायत. उचललेला मजकूर शोधून काढण्यात विकिपीडियाच्या जुन्या स्वयंसेवकांचे महिने गेले. शेवटी नोव्हेंबर २०११ मध्ये कार्यक्रम थांबवावा लागला.

मुलं लबाड होती, असा त्याचा अर्थ काढणं सोपं आहे, पण चुकीचं. शाळेपासून उतरवण्यालाच अभ्यास म्हणायची सवय लागलेली, विषय असे की त्यावर आधीच ढीगभर लिहिलेलं, भाषा परकी, मार्गदर्शक थोडे आणि मुलं एकदम शेकडो. या पाच गोष्टी एकत्र आल्या की पुण्यातच काय, कुठेही हेच होईल. आपल्याकडच्या 'माझे गाव' वहीतही यातल्या तीन तरी असतातच.

म्हणून शाळेच्या विकीत पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा निर्णय विषयाचा. ज्यावर आधीच शंभर पानं सापडतात, तो विषय मुलांना दिला की नक्कल आलीच. ज्यावर कुठंही काही लिहिलेलं नाही, तो विषय दिला तर नक्कल करायची कशाची? मग मुलाला उठून कुणाला तरी विचारायला जावंच लागतं.

ज्वारीचं पान कुणी लिहायचं?

मंगळवेढा हे ज्वारीचं कोठार. 'मंगळवेढा ज्वारी'ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मालदांडी ३५-१ हा वाण याच जिल्ह्यात, मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडला गेला. ही माहिती नेटवर मिळते, तिथं मुलांनी वेळ घालवायचं कारण नाही. पण पुढचे प्रश्न पाहा.

वाफसा आलाय हे आजोबा कशावरून ओळखतात? मूठभर माती दाबून, पायाखाली रान कसं लागतं त्यावरून, की दुसऱ्या कशावरून? तुमच्या शिवारात पेरणी उत्तरा नक्षत्रात धरतात की हस्तात? तिफणीनं पेरायचं कधी थांबलं, पहिला ट्रॅक्टर कुणी लावला? कोळपणी किती वेळा आणि शेवटची कशासाठी? (काळ्या रानाला भेगा पडतात, त्यातून ओल उडून जाते. शेवटच्या कोळपणीनं त्या भेगा बुजवायच्या असतात. विहिरीचं पाणी न देता ज्वारी येते ती या जपलेल्या ओलीवर.) काढणी उपटून करतात की कापून? कणसं मोडायला बायका किती, मजुरी पैशात की धान्यात, पूर्वी काय होती? कडब्याच्या पेंडीचा दर धान्यापेक्षा महत्त्वाचा कधी ठरतो? हुरड्याला कोणता वाण वेगळा ठेवतात आणि आगटी कशानं पेटवतात?

यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर एआयला तुमच्या गावापुरतं सांगता येणार नाही. वर्गातल्या तीस मुलांनी आपापल्या घरी विचारलं तर तीस उत्तरं येतील आणि ती एकसारखी नसतील. नदीकाठच्या बोराळे, माचणूर भागातलं उत्तर आणि दक्षिणेच्या कोरडवाहू गावांतलं उत्तर वेगळं असणारच. हा फरक चर्चा पानावर मुलांच्या लक्षात आला, की वर्गात भूगोल आपोआप सुरू होतो.

पेवाचंच घ्या. 'भ्रष्टाचाराचं पेव फुटलं' असं वाक्य मुलं निबंधात बिनदिक्कत लिहितात. पेव म्हणजे काय विचारलं तर वर्ग गप्प. जमिनीत खोल खड्डा घेऊन, आतून लिंपून, त्यात ज्वारी साठवायची आणि तोंड बंद करायचं. उघडल्यावर लगेच आत उतरायचं नसतं, कोंडलेल्या हवेनं माणूस गुदमरतो. आपल्या गावात पेवं कुठं होती, शेवटचं कधी उघडलं, हे सांगणारी माणसं आता सत्तरी-ऐंशीच्या पुढची आहेत. हे पान लिहायला आणखी दहा वर्षं थांबलं तर विचारायला कुणी उरणार नाही.

दुसरा विषय पाण्याचा. तालुक्यातल्या ३५ गावांचा पाणीप्रश्न निवडणुकीत दर वेळी निघतो. शाळेजवळच्या चार विहिरी ठरवून घेऊन दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दोर टाकून पाणी किती खोल आहे ते मोजायचं आणि विकीवरच्या एका तक्त्यात लिहायचं. यंदाच्या सातवीनं बारा आकडे लिहिले, पुढच्या सातवीनं त्याखाली बारा. पाच वर्षांनी त्या शाळेकडं साठ महिन्यांचा जो तक्ता असेल, तो गावात दुसऱ्या कुणाकडं असण्याची शक्यता कमीच. प्रकल्पवही रद्दीत जाण्यात नुकसान होतं ते नेमकं इथं. एका वर्षाच्या आकड्यांना फारशी किंमत नसते, ते साठत गेले की किंमत येते.

चोखोबा, दामाजी आणि 'असं म्हणतात'

संतांच्या पानांवर वेगळीच अडचण येईल. मंगळवेढ्याचं गावकूस बांधताना ते कोसळून संत चोखामेळा यांचा मृत्यू झाला, असं परंपरा सांगते. साल १३३८ दिलं जातं. समाधी पंढरपुरात नामदेव पायरीजवळ आहे. जन्मगावाबद्दल मात्र एकमत नाही. बुलढाणा जिल्ह्यातलं मेहुणा राजा हे नाव सांगितलं जातं, तसं मंगळवेढ्याचंही. वर्गातल्या मुलांनी साहजिकच मंगळवेढा लिहिलं तर गुरुजींनी काय करायचं?

विकीची रीत अशी आहे : दोन मतं असतील तर दोन्ही लिहायची आणि प्रत्येकापुढं ते कुठून घेतलं ते लिहायचं. आपल्याला कोणतं आवडतं याला जागा नाही. दामाजीपंतांच्या पानाचे सरळ दोन भाग करता येतील. बहामनी राजवटीत मंगळवेढ्याचा कारभार, दुष्काळात सरकारी धान्याचं कोठार लोकांना खुलं करणं हा एक भाग आणि विठ्ठलानं विठू महाराच्या रूपात बीदरला जाऊन पैसे भरले ही आख्यायिका हा दुसरा. आख्यायिका खोटी म्हणून वगळायची नाही आणि इतिहास म्हणून खपवायचीही नाही. तिच्या डोक्यावर 'आख्यायिका' असं लिहायचं. 'असं म्हणतात' आणि 'असं नोंदलेलं आहे' यातला फरक बारा-तेरा वर्षांच्या मुलाला कळला, तर पुढं आयुष्यभर व्हॉट्सॲपवर येणारे मेसेज वाचताना तो उपयोगी पडेल.

मुलं गावाबद्दल लिहितील तेव्हा वादही होतील, हे आधीच गृहीत धरलेलं बरं. एकाच ओढ्याला दोन वस्त्यांत दोन नावं असतात. देवळाचा मान कुणाचा, रस्ता कुणाच्या रानातून गेला, हे विषय पोरांच्या वहीतून पारावर पोचायला वेळ लागत नाही. त्यामुळं पहिलं वर्षभर विकी शाळेच्या आतच ठेवावा, सगळ्यांना खुला करू नये. जमिनीचे, मानपानाचे, एखाद्या घराण्याच्या भांडणाचे विषय मुलांच्या हाती देऊ नयेत. हा भित्रेपणा नाही. त्या भांडणाची झळ शेवटी मुलाला आणि शिक्षकालाच लागते.

नेट नाही, लाईट नाही, मग?

सगळ्यात स्वस्त विकी कागदावर होतो. दोनशे पानी एक वही घ्यायची, पानाला एक विषय, डावीकडं लेख, उजवीकडं चर्चा. नियम तीन : खोडरबर आणि व्हाइटनर बंद, चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, लिहिणाऱ्यानं खाली नाव आणि तारीख घालायची, कुणाचंही वाक्य दुरुस्त करता येतं, पण कारण उजवीकडं लिहावं लागतं. एक सत्र हे केलं, की मुलांना विकी कळला. पुढं ते संगणकावर नेणं हे फक्त टायपिंगचं काम उरतं.

ज्या हायस्कूलमध्ये संगणक कक्ष आहे तिथं 'डोकुविकी' नावाचं मोफत सॉफ्टवेअर वापरता येतं. त्याला वेगळा डेटाबेस लागत नाही, पानं साध्या मजकूर फायलींत साठतात. त्यामुळं जुन्या संगणकावरही चालतं आणि सगळा विकी पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवता येतो. एका संगणकावर बसवलं की कक्षातले बाकीचे त्याला जोडून वापरू शकतात, बाहेरचं इंटरनेट लागत नाही. बसवायला माहीतगार माणूस मात्र एकदा लागतो. माजी विद्यार्थ्यांत पुण्या-मुंबईला सॉफ्टवेअरमध्ये असलेला कुणीतरी बहुतेक गावांत असतो, यात्रेला आला की त्याला धरावं. वाचण्यापुरता मराठी विकिपीडिया हवा असेल तर 'किविक्स' हे मोफत ॲप आहे. त्यात पूर्ण मराठी विकिपीडियाची फाईल एकदा उतरवून घेतली, की नेटशिवाय वाचता येतो.

खुद्द मराठी विकिपीडियावर लिहायला मुलांनी नंतर जावं, आठवी-नववीत. तिथं काम भरपूर आहे. अनेक गावांची पानं अशी आहेत, की हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे ही शीर्षकं एका साच्यात टाकलेली असतात आणि खाली काहीच नसतं किंवा कुठल्याही गावाला लागू पडेल असं वाक्य असतं. सुरुवात नवीन लेखानं न करता आपल्या गावाच्या पानावर स्वतः काढलेला एक फोटो देऊन करावी. एक व्यवहारातली अडचण आधीच सांगायला हवी : एकाच इंटरनेट जोडणीवरून दिवसाला सहाच नवी खाती उघडता येतात. चाळीस मुलांना एका तासात खाती काढायला बसवलं तर सातव्या मुलापासून गाडी अडते. खाती आधी आठवडाभर थोडी थोडी काढावीत. मराठी टायपिंगची सोय तिथंच आहे, कंट्रोल आणि एम दाबलं की कीबोर्ड मराठी होतो. मोबाईलवर बोलून टाइप केलं तरी चालतं, पण मंगळवेढ्याची बोली मोबाईलला नेहमी समजते असं नाही, मग दुरुस्तीचा तास वेगळा धरावा.

मुलांची पूर्ण नावं, फोटो, घरचे मोबाईल नंबर विकीवर टाकू नयेत. कोणत्याच विकीवर नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती लागते. नुसतं पहिलं नाव किंवा वर्गात ठरवलेलं टोपणनाव पुरतं. ज्या आजीआजोबांची माहिती लिहायची, त्यांनाही आधी विचारावं आणि लिहिलेलं वाचून दाखवावं. वाचून दाखवताना ते हमखास दोन गोष्टी नव्या सांगतात, हा वेगळा फायदा.

गुण कुणाला?

गटाच्या प्रकल्पात काम एकजण करतो आणि गुण पाच जणांना मिळतात, ही जुनी तक्रार. विकीच्या इतिहासात कुणी किती लिहिलं ते दिसतं, त्यामुळं ही तक्रार बरीच मिटते. पण बदलांची संख्या मोजून गुण देऊ नयेत. एक पोरगा वीस वेळा स्वल्पविराम बदलेल आणि त्याच्या नावावर वीस नोंदी लागतील. दुसरी मुलगी दोन दिवस शेजारच्या आज्जीकडं बसून पेवाची माहिती आणेल आणि तिच्या नावावर एकच नोंद असेल. ती एक नोंद उघडून वाचण्याचं काम शिक्षकालाच करावं लागतं. ज्याच्या घरी मोबाईल नाही त्यानं कागदावर आणलेलं दुसऱ्यानं टाइप केलं, तर नोंद टाइप करणाऱ्याच्या नावावर पडते. म्हणून पानाच्या तळाशी 'माहिती आणणारे' आणि 'टाइप करणारे' असं वेगळं लिहायला लावावं. आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेला मुलगा चार महिन्यांनी परत आला, तर वर्गाचं पान तेव्हाही उघडंच असतं आणि तो ज्या गावाहून आला तिथलं त्याला लिहिता येतं. प्रकल्पवही तोवर तपासून जमा झालेली असते.

एक धोका मात्र खरा आहे. शिक्षकांच्या डोक्यावर आधीच ऑनलाइन नोंदी, फोटो अपलोड, लिंक भरणं याचं ओझं आहे. विकीसुद्धा 'आठवड्याला दोन पानं, फोटोसह अहवाल' अशा आदेशात गेला, तर पहिल्याच महिन्यात तिथंही उतरवलेली पानं दिसू लागतील, या वेळी मुलांऐवजी गुरुजींनी टाकलेली. केंद्रातल्या दोन-तीन शाळांनी आपणहून सुरू करावं, शिक्षण परिषदेत एकमेकांची पानं वाचून दाखवावीत. एका सत्राला एका वर्गाचं एक पान, इतकं पुष्कळ झालं.

ज्वारीचं पान धरायचं असेल तर वही भाद्रपदातच उघडावी लागेल. पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून सुरू होते, कोळपण्या दिवाळीच्या मागेपुढे, हुरडा जानेवारीत आणि काढणी-मोडणी फेब्रुवारीत. हुलजंतीच्या यात्रेला पाहुणे येतात, त्या आठवड्यात माहिती सांगणारी माणसं घरोघरी बसलेली असतात. मुलांना सुट्टीही तेव्हाच असते.